थोडक्यात

माझ्याकडे एक गोष्ट आहे. बावीस वर्षं सांगतेय. रात्री गप्पा रंगल्या, कोणी भुताखेतांवरून सुरुवात केली की माझी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर येतेच. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं पाठ झालंय. मी सतरा वर्षांची, दादा वीसचा. समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात आमचा दंगा चाललाय. अचानक पायाखालची वाळू निसटते, पाणी आत ओढायला लागतं, मी 'दादा!' म्हणून किंचाळते, दादा झेपावतो, मी त्याचा हात पकडते आणि दोघं हातपाय मारत कसेबसे किनाऱ्याला लागतो. शेवटचं वाक्य ठरलेलं : थोडक्यात वाचलो. मग ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी उसासा टाकून म्हणतं, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." आणि स्वतःची गोष्ट सुरू करतं. प्रत्येकाकडे एक तरी असतेच.

'थोडक्यात' हा शब्द मोठा लबाड आहे. थोडक्यात वाचणं आणि थोडक्यात सांगणं, दोन्हीला तोच. माणूस एकदा थोडक्यात वाचला की पुढे आयुष्यभर ते थोडक्यातच सांगतो, असा माझा अनुभव आहे. म्हणजे काहीतरी गाळतो. माझ्या गोष्टींतून काय काय गाळलं गेलंय ते मला बऱ्याच उशिरा कळायला लागलं. त्यातलं काही मीच गाळलं होतं, काही दुसऱ्यांनी माझ्यासाठी.

गीझरची गोष्ट आधी सांगते, कारण ती आटोपशीर आहे.

नऊ वर्षांपूर्वीची थंडी. आमचं बाथरूम म्हणजे एक माणूस आणि एक बादली मावेल एवढं. भिंतीवर गॅसचा गीझर आणि वर काचेच्या पट्ट्यांची लहानशी खिडकी. चार-पाच दिवस आंघोळीनंतर माझं डोकं जड व्हायचं, कपाळ ठणकायचं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, एवढाच विचार करून मी ते सोडून दिलं होतं. त्या दिवशी केस धुवायचे होते म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. हातातून तांब्या सुटला. उचलायला वाकले तर गुडघे वाकले ते वाकलेच. मी खाली बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली, आणि गरम पाण्याची धार शेजारी बादलीतून ओसंडत होती. मी शुद्धीत होते. दाराची कडी दिसत होती. हातभर अंतरावर. हात वर उचलायचा असतो हे कळत होतं, पण तो उचलला जात नव्हता. भीती वाटली का, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर नाही. 'बसू जरा,' एवढंच वाटलं. त्या 'बसू जरा'ची आठवण आता अंगावर काटा आणते.

सासूबाईंना पाणी वाया गेलेलं खपत नाही. मी वाचले ते निव्वळ त्यामुळे. "अगं, केव्हाचं पाणी वाहतंय! बंद कर तो नळ!" असं त्या दोनदा ओरडल्या. उत्तर आलं नाही तेव्हा दार वाजवलं, मग खांदा लावला. कडीचे स्क्रू जुने होते, निघाले. त्यांनी मला काखेत हात घालून फरफटत बाहेर ओढलं. बासष्ट वर्षांची बाई, गुडघेदुखीची. नंतर कितीतरी दिवस त्या खांदा शेकत होत्या.

माझ्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर 98 आकडा आला आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी तो आकडा बघितलासुद्धा नाही. त्यांनी जे समजावलं ते मी नंतर शब्दन् शब्द पडताळून पाहिलं. कोंदट जागेत ज्वाळेला ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट, त्याहूनही जास्त जोरानं चिकटतो. आणि तो साधा चिमटा रक्ताचा रंग बघून अंदाज बांधतो. ऑक्सिजन बसलेलं रक्त आणि हा विषारी वायू बसलेलं रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणजे माणूस आतून गुदमरत असतो आणि पडद्यावर 98. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. म्हणून तोंडाला मास्क लावून मला शुद्ध ऑक्सिजनवर ठेवलं होतं.

"पण वास कसा आला नाही?" हे मी तीनदा विचारलं म्हणे. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून जन्मतो, त्यात वास मिसळायला कोणी नसतं. माझं नाक चांगलं आहे याचा मला फार अभिमान होता.

पुढे ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली तिथे खलनायक ठरलेला होता : गीझर. मग तो बसवून देणारा माणूस, मग घरमालक. ऐकणारेही सगळे मिळून त्यांना शिव्या घालायचे. मी एक तपशील सांगत नसे. आठवडाभर आधी, खिडकीतून येणारं गार वारं पाठीला झोंबतं म्हणून, मीच वर्तमानपत्राचे बोळे करून काचेच्या पट्ट्यांमध्ये ठासून बसवले होते. ओल लागून ते फुगले होते आणि अगदी फिट्ट बसले होते. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

बरं, दवाखान्यातून परत आले तेव्हा खिडकी मोकळी होती. बोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. वाटलं, पडले असतील, कोणी बघितले नसतील. चार महिन्यांनी कपाट आवरताना सासूबाई घड्या घालता घालता म्हणाल्या, "त्या खिडकीतले बोळे मी काढून टाकले हो. सगळे जमायच्या आत." मी साडीचं दुसरं टोक धरून उभी होते. "आई, मी..." म्हणेपर्यंत त्यांनी पुढची साडी हातात दिली. परत कधी तो विषय नाही.

काळ-वेळेच्या त्या म्हणीवर माझा राग आहे तो इथे. ऐकायला ती छान आहे, ठसक्यात संपते. पण त्या म्हणीत माणूस नाही. काळ येतो, वेळ येत नाही, आणि मध्ये बोळे कोंबणारा हात कुठेच दिसत नाही. खांदा लावणारी बाईही दिसत नाही.

भीती आली ती तिसऱ्या दिवशी, आणि भलत्याच ठिकाणी. एका ओळखीच्यांकडे बसले होते. आतून कुठूनतरी गीझर पेटल्याचा 'भप्' असा आवाज आला आणि मी चपला न घालता जिन्यापर्यंत पोचले होते. हात थरथरत होते, घसा कोरडा, पोटात खड्डा. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं 1915 साली लिहिलं होतं की संकटात शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं : अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. माझ्या शरीरानं ही सगळी तयारी केली, फक्त तीन दिवस उशिरा. खऱ्या प्रसंगाच्या वेळी ते बिचारं बसू जरा म्हणत होतं.

संकटात वेळ लांबते म्हणतात, त्याबद्दलही थोडं. आल्बर्ट हाइम नावाचा एक स्विस भूगर्भशास्त्रज्ञ 1871 मध्ये डोंगरावरून पडला आणि वाचला. पडताना भीती नव्हती, मन शांत होतं, विचार मात्र भराभर धावत होते, असं त्याला जाणवलं. मग त्यानं आल्प्समध्ये पडून वाचलेल्यांचे अनुभव वर्षानुवर्षं गोळा केले आणि 1892 मध्ये मांडले. बहुतेकांचं म्हणणं त्याच्यासारखंच. 2007 मध्ये डेव्हिड ईगलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तपासायला लोकांना साधारण 31 मीटर उंचीवरून, पाठीवर, खाली जाळ्यात पडू दिलं. आपण किती वेळ पडत होतो याचा लोकांचा अंदाज, इतरांना पडताना पाहून केलेल्या अंदाजापेक्षा सरासरी 36 टक्क्यांनी जास्त निघाला. पण मनगटावरच्या यंत्रात भराभर बदलणारे आकडे काही त्यांना एरवीपेक्षा जास्त नीट वाचता आले नाहीत. म्हणजे डोळ्यांसमोर जग संथ झालेलंच नव्हतं. लांबली होती ती आठवण. भयाच्या क्षणी मेंदू बारीकसारीक गोष्टी दाट टिपून ठेवतो आणि मागाहून पाहताना तो क्षण मोठा वाटतो, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटतं, पण अर्धंच. दाट टिपलेलं असतं तर मग समुद्राची माझी आठवण इतकी चुकीची कशी निघाली?

दादाची मुलगी सहा वर्षांची झाली आणि तिला पोहायला घालायचं ठरलं. मीही बरोबर गेले होते. तलावाच्या काठावर शिकवणाऱ्या मुलाला दादा अगदी गंभीरपणे सांगत होता, "हिला एक पक्कं शिकवा. कोणी बुडत असेल तर समोरून जायचं नाही. काहीतरी फेकायचं, काठी पुढे करायची. हात द्यायचा नाही." सहा वर्षांच्या पोरीला आत्तापासून काय हे, म्हणून मी हसले. दादा हसला नाही.

परत येताना गाडीत, मुलगी मागे ओल्या केसांनी झोपलेली असताना, तो म्हणाला, "तुला खरंच आठवत नाही का गं?"

"काय?"

"तू माझ्या खांद्यांवर चढली होतीस."

मी काहीच बोलले नाही. तो रस्त्याकडे बघत, गिअर बदलत, एखादी फाइल वाचून दाखवावी तसं सांगत गेला. मी ओरडले नव्हते. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. तो सहज वळला तेव्हा माझं डोकं मागे झुकलेलं होतं, तोंड पाण्याच्या रेषेवर, केस डोळ्यांवर आलेले आणि मी ते बाजूला करत नव्हते. त्यावरून त्याला संशय आला. तो जवळ आला तसे मी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर दाबले आणि वर चढले. तो खाली गेला. त्यानं मला बाजूला सारलं, मी पुन्हा चढले. दुसऱ्यांदा खाली असताना त्याला आपण जातोय हे कळलं. तेव्हा त्यानं माझ्या पोटात लाथ मारली. सुटला, मागे गेला, माझे केस मुठीत धरले आणि तसाच, किनाऱ्याकडे न वळता, आडवा पोहत राहिला. बऱ्याच पुढे त्याचे पाय वाळूला लागले.

"लाथ मारली मी तुला," तो पुन्हा म्हणाला. "जोरात."

बावीस वर्षं त्याला त्या लाथेचं लागून राहिलं होतं. आणि मी बावीस वर्षं त्याच्यासमोर बसून, पाहुण्यांच्या देखत, 'दादा!' अशी ती किंकाळी साभिनय करून दाखवत होते.

घरी येऊन मी वाचत बसले. आता उगाच वाटतं की त्याच्यावर विश्वास बसावा म्हणून वाचत नव्हते, बसू नये म्हणून वाचत होते. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकानं 1970च्या दशकात बुडणाऱ्यांच्या हालचालींचं चित्रण करून जे नोंदवलं ते आज जीवरक्षकांना शिकवलं जातं. खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही. श्वासच पुरत नसतो, आवाज कुठून येणार? तो हात हलवून बोलावत नाही, कारण हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबायच्या धडपडीत असतात. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीवर. पाण्याखाली जायच्या आधी जेमतेम 20 ते 60 सेकंद. जवळ जे येईल त्यावर तो चढतो. माणूस आहे की ओंडका, हे त्या वेळी त्याला कळत नसतं.

म्हणजे किंकाळी मी नंतर तयार केली. कधी, ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा सांगताना तिथे काहीतरी हवं होतं म्हणून घातली असेल, मग ती तिथेच राहिली आणि आता मला ती ऐकू येते. आजही.

दुसरी गोष्ट तर त्याहून वाईट. 'पाण्यानं आत ओढलं' पर्यंत माझं खरं होतं. आम्ही उतरलो ती जागा मीच निवडली होती, तिथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी सपाट दिसत होतं म्हणून. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला जी अरुंद वाट शोधतं ती बहुतेकदा अशीच दिसते, दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत पट्टा. जोर चढला तर त्या प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्याच्या वेगाला भिडतो. समोर किनारा दिसतो, माणूस त्या दिशेनं झुंजतो आणि दमून संपतो. आडवं पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं. दादानं ते केलं, कुठे वाचलं होतं की नशिबानं सुचलं, देव जाणे. पण हे सगळं वाचताना एका वाक्यावर मी थांबले. हा प्रवाह बाहेर ओढतो. खाली ओढत नाही. त्या दिवशी त्या पाण्यात खाली ओढणारं एकच होतं, ते मी.

समुद्राची गोष्ट आता मी सांगत नाही. कोणी आग्रह केला तर गीझरची सांगते, बोळ्यांसकट. ती तेवढी रंगत नाही, हे कबूल. बोळ्यांपाशी आलं की ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलतात, त्यांना कोणावर रागवावं ते कळेनासं होतं.

1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरू पाहणारं एक प्रवासी विमान वाटेतल्या डोंगरावर आदळलं. 92 माणसं गेली, एकही वाचला नाही. चौकशीत निघालं की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान उतरण्यासाठी मिळालेल्या तशाच परवानगीचा तोच चुकीचा अर्थ लावून त्याच डोंगरावरून थोडक्यात सुटलं होतं. त्या वैमानिकांनी ते लपवलं नव्हतं. आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीपर्यंत गोष्ट पोचली नाही, एवढंच. त्यानंतर 1976 मध्ये अशा थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या बातम्या गोळा करायची व्यवस्था उभी राहिली. ती चालवायला दिली नासाकडे, म्हणजे वैमानिकांना शिक्षा करायचा अधिकार ज्यांच्याकडे नाही अशांकडे. कळवणाऱ्याचं नाव अहवालातून काढून टाकतात, आणि मुद्दाम केलेलं नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल तर सहसा दंडही माफ. नाव काढल्याशिवाय माणूस पूर्ण गोष्ट सांगत नाही, हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं. सासूबाईंनी बोळे काढून टाकले तेव्हा त्यांनी जवळजवळ हेच केलं, फक्त पुढची नोंद करायची राहिली. त्या मोकळ्या खिडकीमुळे मी चार महिने जगाला गीझर वाईट असतात एवढंच सांगत फिरले.

तिसरी गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. दादा माझे लेख वाचतो, सवडीनं, त्यामुळे त्याला आता कळेलच.

पोहण्याच्या त्या दिवसानंतर वर्षभरानं आम्ही चौघं गाडीनं लांब चाललो होतो. पहाटेची वेळ, गाडी माझ्या हातात. आई शेजारी, मागे दादा आणि त्याची मुलगी, तिघंही झोपलेले. आदल्या दिवशी सकाळपासून मी जागी होते. 17 तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि नजर थोडी दारू प्यायलेल्याइतकीच मंदावते, हे मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि ते स्वतःला लागू होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काच थोडी खाली घेतली होती, गाणी बंद, समोर रस्ता सरळ. ताशी 80चा काटा.

मग चाकांखालचा आवाज बदलला. एवढंच मला आठवतं. डांबराची सलग घरघर होती ती खडीची करकर झाली. डोळे मिटले होते असं मला अजिबात वाटलं नव्हतं, उघडल्याचंही आठवत नाही. रस्ता उजवीकडे होता आणि समोर मैलाचा दगड, पांढरा, त्यावरचा आकडा वाचता येईल इतका जवळ. मी स्टिअरिंग हळूच वळवलं. इतकं हळू का, कोण जाणे. बहुतेक कोणी जागं होऊ नये म्हणून. गाडी परत डांबरावर आली. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. डुलकी चार सेकंदांची धरली तर जवळजवळ नव्वद मीटर ती गाडी कोणीच चालवत नव्हतं.

पुढे दहा मिनिटं मी थांबले नाही. थांबावं तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. मग पाय इतके लटपटायला लागले की ब्रेकवर नीट ठरेनात, तेव्हा बाजूला घेतली. दादा जागा झाला. "काय गं, दमलीस? दे इकडे," म्हणाला आणि उतरून पुढे आला. मी मागे जाऊन बसले. मुलीनं झोपेतच माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

त्या प्रवासाचा विषय निघाला की दादा अजून सगळ्यांना सांगतो, "एरवी गाडीत माझा डोळा लागत नाही. ही चालवत असली की कशी निर्धास्त झोप लागते."